सूर्याला खळं पडतं तेव्हा: आकाशातली रंगीत वर्तुळं ओळखायची कशी?

हेडफोन घरी विसरलेल्या, एसटीत बसलेल्या आणि कॉलेजात मागच्या बाकावर असलेल्या सगळ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे हातवारे करून सांगितलं होतं ते इथं शब्दांत बसवलंय. आणि हो, रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी मी चक्क उलटं बोललो होतो. ते कुठं, हे पुढं येईलच.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट, महिना नुकताच लागलेला. मी गावी होतो, कन्हेरीला. बारामतीपासून जवळ, काटेवाडीच्या अंगाला आमचं गाव. बाहेरच्यांना ते मारुतीच्या देवळामुळं माहीत असतं, कारण निवडणूक आली की प्रचाराचा नारळ तिथं फुटतो आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या लागतात. एरवी ऊस, माळ, आणि माळावर भरपूर आभाळ. पुण्यात बिल्डिंगांच्या फटीतून दिसतं तसं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रानात कांदा काढून पडला होता. साडेअकरा वाजले असतील. चुलतभाऊ ओरडत आला, "दादा, वर बघ, वर!" बघितलं तर सूर्याभोवती भलंमोठं गोल कडं. आतून तांबूस, बाहेर पांढुरकं. आणि कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळपट, जणू कुणी मोठ्या थाळीएवढी सावली टाकलीय.

आज्जी ओसरीवरून उठली, कपाळावर हात धरला, सूर्याकडं न बघता नुसतं भोवतालचं बघितलं (हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे) आणि म्हणाली, "खळं पडलंय. लांबचं हाय. पाऊस जवळ आला म्हणायचा."

झालं! तात्यांचा चेहरा उतरला. कांदा निम्मा सुकलेला, निम्मा ओला. ओला कांदा घाईघाईनं चाळीत भरला तर तिथं सडतो. रानात ठेवला आणि वळीव आला तर रानातच सडतो. मजूर दुसऱ्या दिवशीचे सांगितलेले. तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "तू एवढं पॉडकास्ट करतोस, सांग की मग. खरं आसतंय का हे?"

मला काहीच सांगता आलं नाही. तेवढ्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायला लागले. एकानं लिहिलं, 'शंभर वर्षांतून एकदा दिसणारं दृश्य'. दुसऱ्यानं लिहिलं, 'मोठं संकट येणार, सगळ्यांना फॉरवर्ड करा'. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला.

आधी शब्दाबद्दल, कारण मला तो फार आवडला. खळं म्हणजे मळणीची जागा, हे तुमच्यातल्या शेतकरी घरच्यांना माहीत असेल. जमीन चोपून, शेणानं सारवून गोल अंगण करायचं, मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैल फिरवायचे. आता मळणीयंत्रं आली, तिवडा माझ्या पिढीनं पाहिलाही नाही. पण आभाळात बघा: मधे सूर्य नावाचा तिवडा आणि भोवती गोल वाट. आपल्या लोकांनी त्या कड्याला 'खळं' म्हटलं यात नवल नाही. नवल पुढं आहे. इंग्रजीत याला 'हॅलो' म्हणतात, तो शब्द ग्रीक 'हालोस'वरून आला, आणि ग्रीक भाषेत हालोस म्हणजे काय? मळणीचं खळं! हजारो किलोमीटर अंतर, वेगळी माणसं, वेगळी धान्यं, आणि आभाळाकडं बघून दोघांना आठवलं ते एकच.

संस्कृतात याला 'परिवेष' म्हणतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त परिवेषावर वेगळा अध्याय लिहिलाय. त्याचं म्हणणं असं की, विरळ ढग असलेल्या आकाशात सूर्य-चंद्राचे किरण वाऱ्यानं गोलाकार होऊन दिसतात. वाऱ्याचा भाग चुकला, पण विरळ ढगाचा भाग अगदी बरोबर. नंतर मात्र तो कुठल्या रंगाच्या परिवेषानं कुठल्या राजाचं काय होईल, या यादीत शिरतो. आपला व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे त्या यादीची पुढची आवृत्ती.

तर होतं काय? आपल्याकडं जमिनीवर चाळीस अंश तापमान असलं, तरी वर साधारण पाच-साडेपाच किलोमीटरला पारा शून्यावर येतो. त्याच्याही वर, सहा ते बारा किलोमीटर आणि कधी त्याहून उंच, अतिशय पातळ ढग असतात. काही पिंजलेल्या कापसासारखे, काही नुसताच चष्म्यावर फुंकर मारल्यासारखा पांढुरका पडदा. या पडद्याला सिरोस्ट्रेटस म्हणतात. सूर्य त्यातून स्वच्छ दिसतो, सावलीही पडते, त्यामुळं ढग आहे हे कित्येकदा लक्षातच येत नाही. हे ढग पाण्याचे नसतात, बर्फाचे असतात. मे महिन्यात, कन्हेरीच्या डोक्यावर, बर्फ! बारीक बारीक स्फटिक, बहुतेक सहा बाजूंचे. काही पेन्सिलीच्या तुकड्यासारखे, काही मोबाईलच्या स्क्रीनगार्डसारखे चपटे षटकोन.

प्रकाश अशा स्फटिकाच्या एका बाजूनं आत शिरतो आणि एक बाजू सोडून पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो. त्या दोन बाजूंमधला कोन साठ अंशांचा. शाळेत प्रयोगशाळेतला त्रिकोणी लोलक पाहिलाय ना? तोच हा, फक्त बर्फाचा आणि खिशात हजारो मावतील एवढा. सतराव्या शतकात फ्रान्सच्या एदम मारिऑतनं हे कोडं असंच सोडवलं.

आता मुख्य मुद्दा. स्फटिक हवेत कसेही फिरत असतात, मग प्रकाश सगळीकडं विखुरायला हवा. नेमकं कडंच का दिसतं? झोक्याचं उदाहरण घ्या. झोका मधून जाताना सर्रकन जातो, पण टोकाला गेला की क्षणभर रेंगाळतो आणि मग परत फिरतो. झोक्यावर बसलेल्या पोराचे डोळे झाकून पन्नास फोटो काढले तर बहुतेक फोटोंत पोरगं टोकाजवळच सापडेल. तसंच इथं होतं. स्फटिक फिरत जातो तसा प्रकाश कमी-जास्त वळतो, पण तो बावीस अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. बावीस हे त्याचं टोक. तिथं तो रेंगाळतो, म्हणून तिथं प्रकाशाची गर्दी होते आणि कडं उजळतं. आणि बावीसच्या आत हे स्फटिक प्रकाश पाठवतच नाहीत, म्हणून आतलं आभाळ काळपट. ती 'थाळीएवढी सावली' म्हणजे हेच.

लाल रंग सगळ्यांत कमी वळतो, म्हणून तो सूर्याच्या जवळ, म्हणजे कड्याच्या आतल्या काठाला. रेकॉर्डिंगमध्ये मी 'लाल बाहेर' असं म्हणून गेलो, ते चूक. खळ्यात लाल आत. ओळखायची निम्मी गंमत या एका गोष्टीत आहे.

उरलेली निम्मी तुमच्या हातात आहे, शब्दशः. हात पूर्ण लांब करा आणि वीत ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर डोळ्याला साधारण वीस-बावीस अंशांचं दिसतं. लहान मुलाचा हात लहान असतो पण बाहूही आखूड असतो, त्यामुळं हिशोब जवळपास जमतो. मूठ धरली तर दहा अंश. करंगळीची जाडी एक अंश, आणि पूर्ण चंद्र त्याच्याही निम्मा. म्हणजे अंगठ्यानं सूर्य झाकायचा आणि करंगळी कड्याला टेकते का बघायचं. टेकली तर ते बावीस अंशांचं खळं. आमच्या आज्जीचं 'लांबचं खळं' ते हेच.

आणि इथं एक सूचना, गंमत न करता. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही. पातळ ढगातून तो मवाळ वाटतो, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा होताना दुखत नाही, नंतर समजतं. पाण्याची टाकी, विजेचा खांब, लिंबाची फांदी, काहीही आडवं घ्या आणि त्याच्या सावलीत उभं राहून भोवतालचं बघा. आज्जीनं कपाळावर हात धरला होता तो याचसाठी, आणि तिला कुणी पॉडकास्टवर सांगितलं नव्हतं.

आता 'शंभर वर्षांतून एकदा' या दाव्याचं बघू. २४ मे २०२१ ला बेंगळुरूत दुपारी असंच खळं दिसलं. लॉकडाऊन होता, लोक गच्चीवर होते, हातात फोन होते, देशभर फोटो फिरले. बरोबर नऊ दिवसांनी, २ जूनला हैदराबादला दिसलं. दोन्हीकडं 'दुर्मीळ' असाच गजर. खरं म्हणजे खळं इंद्रधनुष्यापेक्षाही जास्त वेळा दिसतं. युरोपात नेमानं नोंद ठेवणारे लोक वर्षाला शंभरच्या आसपास दिवस कुठलं ना कुठलं खळं पाहतात. दुर्मीळ असतं ते आपलं वर बघणं.

पण खळं हा या कुटुंबातला फक्त थोरला भाऊ. बाकीची भावंडं ओळखायला शिकलात तर मजा आहे.

सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, एका वीतेवर, रंगीत ठिपके दिसले तर ते 'प्रतिसूर्य'. वराहमिहिरानं यांच्यावरही अध्याय लिहिलाय. इंग्रजीत सनडॉग म्हणतात, धन्याच्या दोन बाजूंनी चालणारी कुत्री म्हणायची आणि काय. हे चपट्या स्फटिकांचं काम. झाडाचं पान जसं आडवं होऊन हळूहळू खाली येतं तसे हे षटकोन आडवे तरंगत उतरतात. सगळे एकाच पद्धतीनं झोपलेले, म्हणून प्रकाश फक्त दोन बाजूंना जातो, गोल कडं होत नाही. इथंही लाल बाजू सूर्याकडं. सूर्य वर चढत जाईल तसे हे ठिपके सूर्यापासून दूर सरकतात आणि फिके पडतात. साठ अंशांच्या वर सूर्य गेला की मिळतच नाहीत. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी कुणी 'सनडॉग' म्हणून फोटो पाठवला तर तो कॅमेऱ्याचा खेळ समजा.

याच वेळी, सूर्य खाली असताना, मान मोडेपर्यंत वर बघा. सूर्याच्या वर दोन वीतांपेक्षा थोडं जास्त, जवळजवळ डोक्यावर, उलटं ठेवलेलं इंद्रधनुष्य दिसलं तर तुम्हाला लॉटरी लागली. आभाळ हसतंय असं वाटतं. प्रकाश चपट्या स्फटिकाच्या वरच्या अंगातून शिरतो आणि कडेतून बाहेर पडतो. तिथं कोन नव्वदाचा, त्यामुळं रंग जास्त फाकतात आणि इतके स्वच्छ दिसतात की खरं इंद्रधनुष्य मागं पडावं. यासाठी सूर्य बत्तीस अंशांच्या खाली हवा. आपल्याकडं सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे साधारण दोन-अडीच तास. लोकांना हे दिसत नाही याचं कारण एकच, डोक्यावर कोण बघतंय?

आता आपला हक्काचा माल. सूर्य खूप वर असताना त्याच्या खाली, क्षितिजाला समांतर, सरळ रंगीत पट्टा दिसतो. इंटरनेटवर त्याला 'फायर रेनबो' म्हणतात. त्यात ना आग आहे ना पाऊस. प्रकाश त्याच चपट्या स्फटिकाच्या कडेतून शिरतो आणि बुडातून बाहेर पडतो, म्हणजे आधीच्या कमानीच्या बरोबर उलटा प्रवास. अट एकच: सूर्य क्षितिजापासून अठ्ठावन्न अंशांच्या वर हवा. लंडनमध्ये ही अट फक्त ऐन उन्हाळ्यात, दुपारचे थोडे तास पुरी होते. उत्तर युरोपात त्याहून वर गेलात तर कधीच नाही. आणि कन्हेरीत? आपण विषुववृत्तापासून अठरा अंश वर आहोत. हिशोब केला तर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत रोज दुपारी सूर्य तेवढा वर येतो. जवळजवळ साडेआठ महिने! मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा साधारण सव्वादहापासून पावणेतीनपर्यंत ही खिडकी उघडी असते. अट फक्त वरच्या बर्फाळ ढगाची. सूर्य अडुसष्ट अंशांवर असेल तेव्हा हा पट्टा क्षितिजापासून एक वीत वर असतो.

याच्यामुळं एक सोपी कसोटी हाती लागते. खरं इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे तुमच्या पाठीशी सूर्य असतानाच दिसतं. आणि सूर्य बेचाळीस अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून ते दिसूच शकत नाही, सगळी कमान क्षितिजाखाली जाते. तेव्हा बारामतीत उन्हाळ्यात दुपारी एक वाजता आकाशात रंग दिसले, तर ते काहीही असो, इंद्रधनुष्य नाही. ग्रुपवर पैज लावायला हरकत नाही.

बर्फाचा संबंध नसलेली मंडळीही आहेत, आणि घोळ होतो तो इथंच. रात्री चंद्राला अगदी खेटून एक लहान तपकिरी-पिवळसर चकती दिसते, कधी तिच्याभोवती निळसर-तांबूस कडी. करंगळ्या मोजून भरेल एवढीच, वीत लागत नाही. हे प्रभामंडळ. पाण्याच्या अगदी बारीक थेंबांच्या ढगातून प्रकाश पसरला की होतं. दिवे असलेल्या रस्त्यावर धुकं असताना दिव्याभोवती दिसतं तसं. इथं लाल रंग बाहेरच्या काठाला. खळ्याच्या बरोबर उलट. थेंब जितके बारीक आणि सारखे, तितकी चकती मोठी आणि रंग सुंदर. ढगाच्या कडेला थेंब कमी-जास्त आकाराचे असले की वर्तुळ मोडतं आणि नुसते शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी-हिरवे रंग सांडल्यासारखे दिसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनमधल्या हायको शहरावर अशा रंगीत ढगाचा व्हिडिओ फिरला होता, तुमच्यापैकी कित्येकांनी फॉरवर्डही केला असेल. ते हेच.

एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवून विचारलं होतं की हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र म्हणजे खळंच का? नाही. पण प्रश्न फक्कड आहे, म्हणून थोडं थांबतो. कोकणकड्याच्या टोकावर उभं राहिलं, खाली दरीत दाट धुकं असलं आणि पाठीमागून ऊन आलं, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. कडा पश्चिमेकडं तोंड करून आहे, तेव्हा सूर्य पाठीशी यायचा तो सकाळी. ही कडी धुक्याच्या थेंबांची. थेंब प्रकाश आल्या दिशेनंच मागं पाठवतात, म्हणून प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारी उभ्या मित्राला त्याच्या डोक्याभोवती. ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाटतं की संत आपणच! गडावरच्या माहितीत सगळीकडं लिहिलेलं असतं की '१८३५ मध्ये कर्नल साईक्सनं इंद्रवज्र पाहिलं'. खरं तर १८३५ हे लंडनमध्ये त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध छापून आल्याचं वर्ष. तोपर्यंत तो इंग्लंडला परत जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणजे पाहिलं ते त्याआधी.

चला, परत आमच्या ओसरीवर. आज्जी जे म्हणाली ते आपल्याकडं पुष्कळ घरांत म्हणतात: लांबचं खळं तर पाऊस जवळ, जवळचं खळं तर पाऊस लांब. मी आधी हसलो होतो. मग वाचत गेलो तसं हसू कमी झालं.

लांबचं खळं म्हणजे बर्फाचं, बावीस अंशांचं. जवळचं खळं म्हणजे प्रभामंडळ, थेंबांचं. म्हणजे या म्हणण्यात दोन वेगळ्या ढगांची ओळख दडलीय, आणि ती कुणीतरी नुसत्या डोळ्यांनी केली. प्रभामंडळ दिसायला ढग पातळ आणि मधल्या उंचीचे लागतात, असले ढग सहसा पाऊस देत नाहीत. तेवढा भाग पटतो. उंचावरचा बर्फाळ पडदा मात्र पुष्कळदा मोठ्या ढगांच्या पुढं धावणारा असतो. युरोपात हे फार नियमानं होतं: आधी खळं, मग ढग दाटत दाटत येतात आणि दिवसाभरात पाऊस. तिकडच्या शेतकऱ्यांच्याही अशाच म्हणी आहेत.

आपल्याकडं घोळ असा की मेमधला पाऊस त्या पद्धतीनं येतच नाही. सकाळी आभाळ मोकळं, दुपारी जमीन तापते, चारच्या सुमाराला ढग उभा राहतो आणि तास-दोन तासांत सगळा खेळ खलास. हा ढग वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो. पसरलेला भाग बर्फाचा असतो आणि वाऱ्यानं दूरवर वाहून जातो. म्हणजे आपल्या डोक्यावरचं खळं हे कदाचित काल संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यात पडून गेलेल्या वळवाचं शिल्लक सामान असतं. त्यावरून एवढंच कळतं की आसपासच्या मुलखात वळीव सुरू झालेत. आपल्या रानात आज पडेल का, हे त्याला माहीत नाही. आणि दुसरं, खळं लहान-मोठं होत नाही. बावीस म्हणजे बावीस, पाऊस दारात असो की आठवडाभर लांब. 'आज जरा जास्तच मोठं पडलंय' असं कुणी म्हणालं तर तो मनाचा खेळ, किंवा सूर्य वर असताना कड्याला चिकटून दिसणारी दुसरी, जरा लंबगोल कमान.

आपण पर्जन्यछायेतली माणसं. बारामती-इंदापूर पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस. ज्यांच्याकडं पाऊस मोजून-मापून येतो तेच आभाळाकडं असं बघतात, कोकणातल्या माणसाला खळ्याचं काय कौतुक!

तात्यांनी काय केलं? निम्मा, सुकलेला कांदा गोळा करून त्याच्यावर ताडपत्री टाकली. निम्मा ओला तसाच ठेवला. मजूर आले नव्हते, तेव्हा आम्हीच राबलो, माझ्या हाताला फोड आले. संध्याकाळी नुसता वारा सुटला, धुरळा उडाला, लांब फलटणच्या बाजूला विजा चमकल्या. थेंब नाही. रात्री जेवताना तात्या आज्जीकडं बघून काही बोलले नाहीत, पण वाढून घेताना हसले. दोन दिवसांनी खळ्याचा पत्ता नसताना चार वाजता वीस मिनिटं पाऊस कोसळला. ताडपत्रीखालचा वाचला. बाकीच्यातला बराचसा व्यापाऱ्यानं बाजूला काढला.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीला, २५ मे च्या आसपास, जे झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय. मान्सून वेळेच्या कितीतरी आधी येऊन थडकला, बारामती-इंदापुरात पाणीच पाणी, पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. त्याआधी खळं पडलं होतं का, असं मी घरी विचारलं. आज्जी म्हणाली, "खळं दिसाया सूर्य तर दिसाया पायजे." खरंय. ज्या ढगांतून खरा पाऊस पडतो ते इतके जाड असतात की त्यांच्या मागं सूर्यच हरवतो. मोठ्या पावसाच्या तोंडावर खळं दिसत नाही, दिसलंच तर बरंच आधी.

म्हणून आता तात्यांचा नेम असा: खळं दिसलं की फोन उघडायचा. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा, आणि दुपारनंतर रानात असतील तर 'दामिनी' ॲप. ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलंय, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजेची सूचना देतं. कांद्यापेक्षा माणूस महत्त्वाचा, आणि आमच्याकडं वळवाच्या विजेनं माणसं आणि जनावरं दोन्ही जातात. आज्जीला ॲपचा राग नाही. ती म्हणते, खळं बघून फोन बघायची आठवण तरी झाली ना.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं. खळं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चव्वेचाळीस अंश पसरतं, म्हणून फोनमधली रुंद लेन्स, तो ०.५ वाला पर्याय, वापरा. सूर्य टाकीच्या किंवा देवळाच्या कळसाच्या आड घ्या, उजेड बोटानं खाली ओढा म्हणजे कडं उठून दिसतं. वेळ, गाव आणि सूर्य किती वर होता हे लिहून ठेवा, नाहीतर नंतर कुठली कमान ते ओळखता येत नाही. आणि एक तपासणी नक्की करा: फोटो काढताना बोटानं सूर्य झाका. कडं तसंच राहिलं तर आभाळातलं. सूर्य झाकल्याबरोबर कडंही गेलं, तर ते तुमच्या लेन्समधलं.

परवाच चुलतभावानं रात्री साडेदहाला फोटो पाठवला. 'दादा, चंद्राशेजारी हिरवा प्रतिचंद्र, हा कुठला?' मी लिहिलं, चंद्र बोटानं झाक आणि परत काढ. दोन मिनिटांनी उत्तर आलं: 'गेला.'